कोझहायाचा मठ खरा किती जुना, आणि तिथे गेल्यावर बघायचं काय?

प्रश्न असा आहे: लेबनॉनच्या कादिशा खोऱ्यातला मार अंतोनियोस (संत अंतोनी) कोझहाया हा मॅरोनाइट या ख्रिस्ती पंथाचा मठ चौथ्या शतकातला आहे आणि मध्यपूर्वेतला पहिला छापखाना तिथेच निघाला, असं जिकडेतिकडे वाचायला मिळतं. यात खरं किती? आणि हाताशी एकच दिवस असेल तर तिथे काय बघावं?

आधी थेट उत्तर देतो. चौथं शतक ही परंपरेची श्रद्धा आहे, तिला कागदाचा किंवा दगडाचा आधार नाही. छापखान्याचा दावा जसा सांगितला जातो तसा चूक आहे. पण त्यातला जो भाग खरा आहे तो इतका मोलाचा आहे की त्याला फुगवायची काही गरजच नाही. जुन्या दगडी वास्तूंचं जतन हे माझं रोजचं काम. त्यामुळे सुरुवात दगडापासूनच करतो.

कादिशा हे उत्तर लेबनॉनमधलं चुनखडीच्या डोंगरात खोल गेलेलं खोरं. वर बशर्री, हदशीत, एहदेन ही गावं कड्याच्या काठावर बसलेली, आणि त्यांच्याही वर देवदारांचं राखीव रान. हे खोरं आणि ते रान मिळून १९९८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. चुनखडीत पाणी मुरतं, दगड विरघळतो, आणि कड्यांमध्ये आपोआप गुहा तयार होतात. इथल्या संन्याशांनी बहुतेक ठिकाणी केलं ते एवढंच: गुहेच्या तोंडाशी भिंत बांधली, दार बसवलं, आत वेदी मांडली.

मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर अशा वेळी लेणी येतात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. कार्ला किंवा अजिंठा माणसाने बसाल्टमध्ये छिन्नीने कोरलेलं आहे. खांबाची घडण, चैत्याची कमान, ब्राह्मी शिलालेख यांवरून तिथला खडकच आपला काळ सांगतो. कादिशातली गुहा निसर्गाने केलेली. माणूस तिथे कधी राहायला आला हे त्या खडकाला विचारून उपयोग नाही. काळ सांगू शकतील अशा गोष्टी चारच: बांधलेली भिंत, गिलावा, रंग आणि कागद. भिंती तर प्रत्येक पिढीने पाडल्या, उचलल्या, पुन्हा बांधल्या. म्हणून मठ किती जुना याचं एका आकड्यात उत्तर देणाऱ्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही.

मॅरोनाइटांबद्दल थोडक्यात. आजच्या सीरियाच्या उत्तर भागात, सायरस नगराच्या परिसरात, मारून नावाचा संन्यासी उघड्या आभाळाखाली राहत असे. तो साधारण ४१०च्या सुमारास वारला. त्याची माहिती आपल्याला सायरसचा बिशप थिओडोरेट याच्या लेखनातून मिळते. त्याच्या नावाने ओरोंतेस नदीकाठी मठ उभा राहिला, त्या मठाभोवती समाज जमला, आणि पुढच्या शतकांत या समाजाने लेबनॉनच्या डोंगरात बस्तान बसवलं. उपासनेची भाषा सिरियाक (अरामी भाषेची एक शाखा), विधी अंतियोख या प्राचीन शहराच्या परंपरेचे, आणि रोमच्या पोपशी नातं जोडलेलं. एवढं ध्यानात असलं तरी पुढचं कळायला पुरे.

कोझहाया ज्यांच्या नावाने आहे ते संत अंतोनी इजिप्तचे. २५१ ते ३५६ हा त्यांचा परंपरेने मानलेला काळ. ते स्वतः लेबनॉनला कधी आले नाहीत. वाळवंटातल्या संन्याशांचे ते आद्य गुरू, म्हणून एकांतात राहणाऱ्यांनी ठिकठिकाणी त्यांचं नाव घेतलं. चौथ्या शतकाची कथा बहुधा इथूनच जन्मली असावी: संत चौथ्या शतकातले, तेव्हा मठही तेव्हाचाच. खोऱ्यात फार जुन्या काळापासून एकांतवासी राहत असणार, हे मला पटतं. पण सुट्या सुट्या गुहांत राहणारे संन्यासी वेगळे आणि एका मठप्रमुखाच्या आज्ञेत, एका घंटेवर चालणारा मठ वेगळा.

आज मठासमोर उभं राहिल्यावर जे मन भरून टाकतं ती दर्शनी भिंत, घडीव दगडाची, कमानींची, वर घंटांची जागा असलेली, १९व्या शतकातली आहे. ती तेवढी नवी आहे हे सांगितलं की कित्येकांचा हिरमोड होतो. तो होऊ नये. त्या दारातून आत गेलात की दोन-चार पावलांत घडीव दगड संपतो आणि उघडा कडा सुरू होतो. मागची भिंत आणि छताचा बराचसा भाग म्हणजे डोंगरच आहे. बांधकाम आणि खडक जिथे एकमेकांना भिडतात त्या सांध्याजवळ अवश्य जा. घडीव चिरे खडकाच्या वेड्यावाकड्या पोटाप्रमाणे कापून बसवलेले दिसतील, मध्ये चुन्याची भरणी दिसेल. डोंगर हलत नाही, पण पाझरतो. भिंत पाझरत नाही, पण बसते. या दोघांना शतकानुशतकं एकत्र ठेवणं ही गवंड्याची खरी परीक्षा, आणि इथले गवंडी तीत उतरले आहेत.

मध्ययुगाचा पुरावा खोऱ्यात इतरत्र मिळतो. हदशीतच्या खाली देर एस-सलीब नावाच्या गुहाचर्चमध्ये त्या काळच्या भित्तिचित्रांचे अवशेष आहेत, वाईट अवस्थेत, पण आहेत. आसी अल-हदथ या अवघड गुहेत १९९०च्या सुमारास लेबनीज गुहासंशोधकांना १३व्या शतकातले देह सापडले, कोरड्या हवेत आपोआप टिकून राहिलेले. त्यात साधारण चार महिन्यांची एक मुलगी होती. १२८३ साली इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या सैन्याने या डोंगरावर स्वारी केली, एहदेन आणि हदथ ही गावं उद्ध्वस्त केली. त्या धामधुमीत गुहेत आसरा घेतलेली ही माणसं, असं मानलं जातं. कादिशा म्हणजे शांततेच्या शोधात आलेल्यांचं खोरं, असं पर्यटनाच्या पत्रकांत छापतात. जीव मुठीत धरून आलेले लोकही इथे तितकेच होते. १४४० साली मॅरोनाइटांच्या पॅट्रिआर्कनेही (पंथाच्या सर्वोच्च धर्मगुरूने) आपली गादी याच खोऱ्यातल्या कन्नुबीनच्या मठात हलवली आणि ती तिथे १९व्या शतकापर्यंत राहिली. अडचणीची जागा हेच तिचं बळ होतं.

आता छापखाना. हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो, म्हणून सावकाश सांगतो.

१६व्या शतकाच्या उत्तरार्धात रोमने मॅरोनाइटांकडे बारकाईने लक्ष द्यायला सुरुवात केली. एलियानो नावाचा जेझुइट १५७८पासून लेबनॉनमध्ये येऊन ग्रंथ तपासू लागला. जे रोमच्या शिकवणीशी जुळत नव्हते ते दुरुस्त झाले, आणि जे पाखंडी ठरले ते काही जाळलेही गेले. १५८४ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी रोममध्ये मॅरोनाइट मुलांसाठी महाविद्यालय काढलं. एहदेनसारख्या डोंगरातल्या गावांमधली कोवळी मुलं तिथे लॅटिन शिकली आणि पुढे युरोपातल्या सिरियाक-अरबी विद्येचे खांब झाली. पॅरिसच्या बहुभाषी बायबलवर काम केलेला जिब्राईल अस-सहयुनी एहदेनचाच, आणि पुढे पॅट्रिआर्क झालेला इतिहासकार इस्तिफान अद-दुवैहीही. दुवैहींना २०२४च्या ऑगस्टमध्ये धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं.

त्याच काळात रिझ्झी घराण्यातले तीन जण, मिखाईल, सरकिस आणि युसुफ, एकामागोमाग एक पॅट्रिआर्क झाले, १५६७ ते १६०८. याच घराण्यातले बिशप सरकिस अर-रिझ्झी (पॅट्रिआर्क सरकिस नव्हेत, हे दुसरे) रोमला राहून आलेले. त्यांच्या पुढाकाराने छपाईचं साहित्य कोझहायाला आलं. पास्क्वाले एली हा इटलीतल्या कामेरिनोचा मुद्रक आला, आणि युसुफ इब्न अमीमा हा करमसद्दे गावचा डीकन (पुरोहिताच्या खालच्या पायरीवरचा धर्मसेवक) त्याच्या जोडीला राहिला. १६१० साली स्तोत्रसंहिता (बायबलमधल्या स्तोत्रांचा ग्रंथ) छापून बाहेर पडली. एका पानावर दोन स्तंभ: एकात सिरियाक, दुसऱ्यात अरबी. आणि अरबी स्तंभही सिरियाक लिपीत. या पद्धतीला गरशुनी म्हणतात.

आपण इथे क्षणभर थांबायला हवं. खोऱ्यात बैलगाडीचाही रस्ता नव्हता. शिशाचे खिळे, यंत्राचे भाग, कागदाचे गठ्ठे समुद्रकिनाऱ्यावर उतरवून जनावरांच्या पाठीवर या दरीत आणावे लागले असणार. एका पानावर दोन भाषांची जुळणी म्हणजे जुळाऱ्याची कसोटी, कारण दोन्ही स्तंभांतली कडवी समोरासमोर पडली पाहिजेत. अरबी वाक्य लांबलं तर सिरियाककडे जागा सोडावी लागते. हे काम इटालियन मुद्रक आणि डोंगरातला डीकन यांनी मिळून केलं. एकाला यंत्र कळत होतं, दुसऱ्याला मजकूर. त्या ग्रंथाच्या आज ठाऊक असलेल्या प्रती फार थोड्या आहेत, आणि या छापखान्यातून त्या एका ग्रंथापलीकडे दुसरं काही हाती आलेलं नाही. १५८५ सालीच इथे छपाई झाली होती असंही लिहिलेलं आढळतं, पण त्या सालची प्रत पुढे आलेली नाही. तेव्हा १६१० हेच साल धरावं.

‘पहिला’ या शब्दाबद्दल बोलायचं तर मध्यपूर्वेतला पहिला छापखाना हा नव्हे. इस्तंबूलमध्ये ज्यूंनी १४९३ सालीच हिब्रू ग्रंथ छापला होता, तिथेच आर्मेनियन लोकांनी १५६७ साली छापखाना काढला, आणि गालील प्रांतातल्या साफेदमध्ये १५७७ साली हिब्रू छपाई सुरू झाली. अरबी लिपीतला पहिला छापील ग्रंथ तर इटलीत फानोला १५१४ साली निघाला. अरब प्रदेशात अरबी लिपीची छपाई अलेप्पोत १७०६ साली आली; लेबनॉनमध्ये ती अब्दल्ला झाखेर यांनी श्वैरजवळच्या संत योहानच्या मठात आणली, १७३४ साली. या सगळ्यांत कोझहायाचं स्थान काय? अरब प्रदेशात छापलेला, अरबी भाषेचा मजकूर असलेला आपल्याला माहीत असलेला पहिला ग्रंथ कोझहायाचा. एवढा मान एका मठाला भरपूर झाला.

मराठी वाचकाला इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. गोव्यात छापखाना १५५६ साली आला होता. १६१६ साली, म्हणजे कोझहायानंतर अवघ्या सहा वर्षांनी, फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण तिथे छापलं गेलं: भाषा मराठी, लिपी रोमन. दोन्हीकडे काळ तोच, रोमन चर्चची तीच लाट, आणि भाषा एक, लिपी दुसरी. पण कारणं वेगळी आहेत आणि ती मिसळू नयेत. गोव्यात देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन वापरावी लागली. स्टीफन्सना देवनागरी खिळे हवे होते. लेबनॉनमध्ये गरशुनी ही समाजाची आपली, हाताला बसलेली लेखनपद्धत होती. बोली अरबी झाली तरी देवाच्या शब्दाची लिपी सिरियाकच राहावी, ही त्यामागची ओढ. केरळच्या सिरियन ख्रिस्ती समाजानेही मलयाळम अशीच सिरियाक अक्षरांत लिहिली. मुंबई-कल्याण-पुण्यात राहणाऱ्या मलयाळी ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या उपासनेत सिरियाकचे शब्द आजही कानावर पडतात. त्यांच्यातल्या काहींची परंपरा पूर्व सिरियाक, काहींची मॅरोनाइटांसारखी पश्चिम सिरियाक, पण मूळ एकच.

मठाच्या संग्रहालयात एक जुनं छपाईयंत्र ठेवलेलं आहे आणि गाइड कधी कधी तेच १६१०चं म्हणून दाखवतात. ते लोखंडी आहे. लोखंडी हातयंत्रं जगात आली १८००च्या सुमारास. त्याआधीची लाकडी असत. म्हणजे हे यंत्र कोझहायात १९व्या शतकात पुन्हा सुरू झालेल्या छपाईच्या काळातलं. ते कमी दर्जाचं ठरत नाही. उलट छपाई मठात परत आली, रुजली, भिक्षूंचा रोजचा उद्योग झाली याची ती खूण आहे. संत निमतुल्लाह अल-हरदिनी १८२८ साली नवशिके म्हणून याच मठात आले आणि इथेच पुस्तक-बांधणी शिकले. पुढे कफीफानच्या मठात त्यांनी शिकवलेल्यांत शरबेल मखलूफ होते. हे दोघंही आज संत आहेत. हरदिनींना २००४ साली संतपद मिळालं. त्यांच्या चरित्रात चमत्कारांची चर्चा खूप होते, पण सुई, दोरा आणि सरस यांची मात्र कुणी करत नाही. मला ती बांधणी फार महत्त्वाची वाटते.

मठाची आजची व्यवस्था कुठून आली हेही दोन वाक्यांत सांगतो. १६९५ साली अलेप्पोहून आलेल्या काही तरुणांनी पॅट्रिआर्क दुवैहींच्या परवानगीने नियमबद्ध संन्यासी संघ स्थापला. तोपर्यंत प्रत्येक मठ आपापल्या रीतीने चालत असे. १७०८ साली कोझहाया या लेबनीज मॅरोनाइट संघाकडे आला आणि आजही त्यांच्याकडेच आहे. संघ जमीनदार होता. शेतकरी वाट्याने शेती करत, आणि १९व्या शतकात तुतीची झाडं व रेशमाचे किडे यांच्यावर सारा डोंगर जगत होता. पहिल्या महायुद्धात नाकेबंदी, टोळधाड आणि उपासमार यांनी सुमारे २ लाख माणसं मेली असा अंदाज दिला जातो. त्या वेळी संघाने आपल्या जमिनी गहाण टाकून फ्रान्सकडून पैसा उभा केला आणि लोकांना अन्न दिलं. मठाच्या इतिहासात मला हे पान छापखान्याच्या बरोबरीचं वाटतं.

आणि ती गुहा. मठाच्या तोंडाशी संत अंतोनींची गुहा आहे. वेड लागलेल्या, ‘पछाडलेल्या’ म्हटल्या गेलेल्या माणसांना इथे आणून साखळीने बांधून ठेवत. संत रात्री येऊन साखळी सोडतील, आणि ज्याची साखळी सुटली तो बरा झाला, अशी समजूत. साखळ्या अजून तिथे आहेत. कड्या जाड, हाताने ठोकलेल्या. गळ्यात अडकवायच्या साखळीचं वजन नुसतं डोळ्यांनीही कळतं. मूल व्हावं म्हणून नवस बोलायलाही इथे लोक येतात. आपल्याकडेही दर्ग्यांत आणि देवस्थानांत रुग्णांना साखळदंडात ठेवण्याचे प्रकार झाले आहेत, तेव्हा ‘तिकडचे लोक कसे’ असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. काहींना वाटतं की हा भाग पर्यटकांना दाखवू नये, मठाची शोभा जाते. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. इथे कुणा आईने आपल्या मुलाला बांधून बाहेर रात्र काढली असेल. ते दुःख, ती क्रूरता आणि ती आशा तिन्ही या मठाचाच वारसा आहेत, आणि साखळ्या जागच्या जागी, नीट माहितीसह राहिल्या पाहिजेत.

जतनाच्या दृष्टीने मला तीन गोष्टींची काळजी वाटते. पहिली सिमेंटची. चुनखडीच्या भिंतीच्या दर्जा (चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या फटी) सिमेंटने भरल्या की ओल बाहेर पडायची वाट बंद होते, ती दगडातून बाहेर पडते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि चिऱ्याचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. चुन्याची दर्ज स्वतः झिजते आणि दगड वाचवते. दर काही वर्षांनी ती पुन्हा भरणं हाच उपाय आहे, आणि त्याला कंटाळून चालत नाही. दुसरी मेणबत्त्यांची: बंद गुहेत काजळी आणि मेणाची वाफ चित्रांवर, खडकावर बसते आणि ती काढताना रंगही निघतो. मेणबत्ती ही श्रद्धेची गोष्ट, तिला बंदी घालू नये. पण तिची जागा बाहेर, मोकळ्या हवेत ठरवून देता येते. तिसरी आणि सगळ्यात मोठी काळजी पायऱ्यांच्या शेतांची. कोरड्या रचाईच्या त्या ताली माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवल्या. गावं शहराकडे आणि परदेशात गेली, ताली ढासळल्या, पावसाचं पाणी मोकाट सुटलं की माती जाते आणि शेवटी मठाच्या पायाशी धोका येतो. चर्चच्या दुरुस्तीला देणगी मिळते. तालीच्या दुरुस्तीला मिळत नाही. कुणी मला विचारलं तर मी पैसा आधी तालींवर घालीन.

एका दिवसाचं म्हणाल तर सकाळी एहदेनच्या बाजूने गाडीने थेट कोझहायाला उतरा. आधी साखळ्यांची गुहा, मग चर्च, मग संग्रहालय, या क्रमाने. चर्चमध्ये दर्शनी भागाचे फोटो काढून झाल्यावर तो खडकाचा सांधा शोधा. जवळच्या मार बिशाय या संन्यासगुहेपर्यंत जमलं तर चालत जा. एकांतवास म्हणजे प्रत्यक्षात किती जागा, हे तिथे कळतं. दुपारनंतर खोऱ्यातून कन्नुबीनकडे. तिथे शेवटचा टप्पा पायीच, बूट चांगले घाला. १७ जानेवारी हा संत अंतोनींचा सण, तेव्हा मठ भाविकांनी भरलेला असतो. वास्तू निवांत बघायची तर तो दिवस टाळा, लोक बघायचे तर तोच गाठा. बैरुतला परतल्यावर राष्ट्रीय संग्रहालयाच्या तळघरात जायला विसरू नका. आसी अल-हदथचे ते देह आणि त्यांचे कपडे तिथे ठेवले आहेत. सुती कापडावरचं रेशमी भरतकाम अजून ओळखू येतं. या खोऱ्यातला १३व्या शतकातला सामान्य माणूस भेटायचा तो तिथेच.